पाकवर्गाचे मदतनीस
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या पाकवर्गात शिकविणाऱ्या भगिनींचा गौरव आताच झाला, तो सर्वथा उचित आहे. आम्ही तेथे शिकवीत नाही. आम्ही केवळ मदतनीस. ज्या कामाचा अहवालात सहसा उल्लेख होत नाही, त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अनारशांचेच उदाहरण घ्या. ते तळून दाखविण्यास अर्धा तास पुरतो. परंतु त्यापूर्वी तीन दिवस तांदूळ भिजत घालून रोज पाणी बदलावे लागते. मग ते उपसून फडक्यावर सावलीत पसरावेत, किंचित ओलसर असतानाच कुटावेत, पीठ चाळून त्यात गूळ मळावा आणि गोळा मुरत ठेवावा. शिक्षिकाबाई खसखशीची बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडतात व न उलटता झाऱ्याने त्यावर तूप उडवितात. त्या वेळी पडणारी जाळी ही या पूर्वतयारीचेच फळ होय.

दुसरे काम मोजमापाचे. वडीलधाऱ्या स्त्रियांचा हात बसलेला असतो. नवख्या मुलीस मात्र ‘मोहन बेताचे’ एवढ्याने बोध होत नाही. कमलाबाई ओगले यांचे १९७० साली प्रसिद्ध झालेले ‘रुचिरा’ घरोघर पोहोचले, त्यात वाटी-चमच्याच्या प्रमाणाचा वाटा मोठा आहे. आमच्या वर्गातही आजीबाईंची मूठ आधी तराजूत पडते, वहीत उतरते आणि मगच परातीत जाते. आजीबाईंच्या पश्चात ती वहीच उरणार आहे.

तिसरे काम दक्षतेचे. कढईतील तेल पेटल्यास त्यावर पाणी कदापि ओतू नये. शेगडी बंद करून कढईवर झाकण घालावे. असे झाकण हाताशी ठेवणे आणि वर्ग संपताच सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे, हे मदतनिसाचे कर्तव्य.

१९५९ साली गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातून उभा राहिलेला ‘लिज्जत’चा उद्योग आपण जाणताच. आपल्या वर्गातून शिकून गेलेल्या काही भगिनींच्या संसारालाही आज फराळाच्या मागणीचा आधार आहे. असे असता, केवळ हाताखाली माणसे नाहीत म्हणून हा वर्ग बंद पडावा काय? शिकविणाऱ्या आहेत, शिकणाऱ्या आहेत. उणीव आहे ती भांडी घासणाऱ्या, नारळ खवणाऱ्या, तराजू धरणाऱ्या हातांची.

लग्नकार्यात आपले तरुण कमरेला पंचा गुंडाळून पंगतीत वाढावयास हौसेने उभे राहतात. तेथे ज्याचा कमीपणा वाटत नाही, त्याचा वर्गात का वाटावा? प्रत्येक कुटुंबाने, स्त्री असो वा पुरुष, एका माणसाचे आठवड्यातील दोन तास द्यावेत, एवढीच आमची प्रार्थना आहे. नावे आजच चिटणिसांकडे द्यावीत, म्हणजे दिवाळीपूर्वीचा वर्ग निर्वेधपणे सुरू होईल.