गरजांची भाषा आणि गावाची रचना



गावात नवी विहीर झाली की केवळ पाण्याची सोय होते असे नाही. पाणवठा बदलला की स्त्रियांची वाट बदलते, गुरांचा मार्ग बदलतो, सांडपाणी नव्या जागी साचते. एका गरजेची पूर्ती दुसरीला कधी साहाय्यक, तर कधी मारक ठरते. अशा परस्परावलंबी घटकांचा समग्र विचार म्हणजेच प्रणाली-सिद्धांत.

रचनाशास्त्रात या सिद्धांताचा एक महत्त्वाचा प्रयोग भारतीय खेड्याच्या आधारे झाला. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी गुजरातमधील एका खेड्यात राहून तेथील जीवनाचे निरीक्षण केले. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' या ग्रंथात त्यांनी ६०० वस्तीच्या गावासाठी १४१ गरजा साध्या वाक्यांत मांडल्या. कोणती गरज कोणत्या गरजेशी निगडित आहे, हे नोंदवून संगणकाच्या साहाय्याने त्यांचे चार मुख्य गट पाडले. गुरे, बैलगाड्या आणि जळण हे विषय एकाच गटात आले. कार्यालयीन विभागणीत ते क्वचितच एकत्र येतात. परंतु गोठा, गोवरी आणि चूल यांचा संबंध गृहिणीला शिकवावा लागत नाही.

मात्र त्या यादीत अस्पृश्यतेची रूढीही नोंदलेली होती. यंत्र वाक्यांचे संबंध जुळवते. त्यांतील न्याय-अन्याय पारखत नाही. जी प्रथा संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने नष्ट केली, तिला गावाच्या नकाशात स्थान देता येत नाही. हा विवेक माणसांनीच करावयाचा असतो.

पुढे अलेक्झांडर यांनीही आपल्या पद्धतीच्या मर्यादा ओळखल्या. जीवन झाडाच्या फांद्यांप्रमाणे अलग वाढत नाही, त्याचे व्यवहार एकमेकांत मिसळलेले असतात, असे त्यांनी १९६५ साली प्रतिपादिले. १९७७ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात, सामान्य माणसालाही वापरता येतील असे २५३ रचनाबंध त्यांनी दिले. खोलीत दोन बाजूंनी उजेड यावा, सहा फुटांहून अरुंद सज्जा फारसा वापरला जात नाही, अशी त्यांची सुबोध भाषा आहे. शब्दांपासून जसे वाक्य, तशी या रचनाबंधांपासून वास्तू घडते.

यातून पंचायतींना घेण्यासारखा बोध सोपा आहे. अंदाजपत्रकापूर्वी ग्रामसभेत गरजांची वाक्ये लिहिली जावीत, आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याचा आणखी कशाकशाशी संबंध येतो, हेही नोंदले जावे. ज्यांचे वाक्य यादीत येत नाही, त्यांची गैरसोय मात्र बांधकामात पक्की होऊन बसते.