खांब कोणाचा, वीज कोणाची?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वीज आणि पेट्रोल अशा दोहोंवर चालणारी मोटार घेणाऱ्याने सार्वजनिक चार्जिंगसाठी कोणत्या कंपनीचे सभासद व्हावे, हा प्रश्न समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात यावा याचे काहींना नवल वाटेल. जेथे एस.टी.च्या गाडीसाठी माणसे अजून तासन्‌तास उभी राहतात, तेथे मोटारवाल्याची अडचण कशाला उगाळायची, असा आक्षेप निघेल. आक्षेप रास्त आहे. सार्वजनिक वाहतूक आधी आणि खासगी मोटार नंतर, हा क्रम बदलण्याचे कारण नाही. परंतु वरवर ग्राहकाच्या सोयीचा दिसणारा हा प्रश्न मुळात विजेच्या मालकीचा आहे, आणि ते जितके स्वच्छ ब्रिटनच्या अनुभवात दिसते तितके क्वचितच कोठे दिसेल.

या मोटारीला 'प्लग-इन हायब्रिड' म्हणतात. तिच्यात लहानशी बॅटरी असते आणि पेट्रोलचे इंजिनही असते. पंधरावीस मैलांचे रोजचे जाणे-येणे विजेवर व्हावे आणि लांबच्या प्रवासाला पेट्रोल वापरावे, अशी तिची योजना. ब्रिटनमध्ये २०१४ साली आलेल्या मित्सुबिशी आउटलँडरची बॅटरी सुमारे १२ युनिटांची होती. अशी बॅटरी साध्या खांबावर तीन-चार तासांत भरते. या जातीच्या पुष्कळशा गाड्यांना जलद चार्जिंगची सोयच नसते. त्यामुळे महामार्गावरच्या भल्यामोठ्या यंत्रांची जाहिरात त्यांच्या मालकासाठी बहुतांशी निरर्थक ठरते. त्याला हवा असतो घराजवळचा किंवा कामाच्या जागेजवळचा मंद गतीचा, स्वस्त खांब.

निवड करणाऱ्याने हिशेब कसा मांडावा? समजा, गाडीला १०० किलोमीटरसाठी २० युनिटे लागतात आणि तेवढ्याच अंतराला ७ लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल लिटरला १४० पेन्स धरले तर खर्च ९८० पेन्स होतो. म्हणजे वीज युनिटला ४९ पेन्सांच्या आत मिळाली तरच ती परवडते. मासिक वर्गणीचेही तसेच. वर्गणी ८ पौंड असेल आणि सभासदाला युनिटमागे १० पेन्स सवलत मिळत असेल, तर महिन्याला ८० युनिटे घेतल्यावर वर्गणी फक्त फिटते. त्या लहान बॅटरीच्या हिशेबाने महिन्यातून सातआठ वेळा गाडी त्याच कंपनीच्या खांबाला लावावी लागेल. मिनिटावर किंवा खेपेवर आकार घेणारी कंपनी तर हायब्रिडवाल्याने दूरच ठेवावी, कारण त्याची गाडी वीज सावकाश आणि थोडी घेते.

हे गणित एखाद्या शिक्षकाला किंवा कारकुनाला करता येणार नाही असे नाही. प्रश्न निराळाच आहे. गणित अचूक केल्यानंतर उत्तर काय येते? ब्रिटनमध्ये अलीकडच्या वर्षांत जलद चार्जिंगचा दर पुष्कळ ठिकाणी युनिटला ७० पेन्सांच्या वर गेला आहे. याउलट ज्याच्या घरापुढे स्वतःचे अंगण आहे, त्याला रात्रीच्या सवलतीच्या दराने युनिट १० पेन्सांच्या आतही मिळू शकते. शिवाय घरगुती विजेवर मूल्यवर्धित कर ५ टक्के, तर रस्त्यावरच्या खांबावर वर्षानुवर्षे २० टक्के आकारला गेला. वीज तीच, तारा त्याच, गाडीही तीच. फरक एवढाच की एकाजवळ अंगण आहे आणि दुसरा तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहतो. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिकेने एका युनिटला जे द्यायचे, त्याच्या सातव्या हिश्श्यात बंगलेवाल्याचे काम भागावे, याला निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे ही शब्दांची चेष्टा आहे.

आणि येथेच हायब्रिड गाडी एक सत्य उघड करते. संपूर्ण विजेवरच्या गाडीचा चालक दर कितीही चढला तरी घराबाहेर नाही म्हणू शकत नाही. त्याला पुढे जायचेच असते. हायब्रिडचा चालक मात्र नाही म्हणू शकतो. वीज महाग झाली की तो मुकाट्याने पेट्रोलपंपावर जातो. म्हणून ही गाडी म्हणजे चार्जिंग व्यवस्थेला लावलेला तापमापक होय. ती पेट्रोलकडे वळू लागली की दुखणे गाडीत नसून दरात आहे असे समजावे.

याचे उदाहरण २०१६ सालचे आहे. इकोट्रिसिटी या कंपनीने २०११ पासून महामार्गांवरील विश्रांतिस्थानांत 'इलेक्ट्रिक हायवे' नावाने जलद चार्जिंगचे जाळे उभारले होते आणि पाच वर्षे तेथील वीज मोफत होती. जुलै २०१६ मध्ये आकार सुरू झाला आणि तो लवकरच अर्ध्या तासाला ६ पौंड असा ठरला. मोठ्या बॅटरीच्या गाडीला तो सोसण्यासारखा होता. जलद चार्जिंगची सोय असलेल्या आउटलँडरसारख्या हायब्रिडला मात्र त्या ६ पौंडांत जेमतेम ३०-३५ किलोमीटरची वीज मिळे, आणि तेवढेच अंतर पेट्रोलवर अडीच पौंडांच्या आसपास कापता येई. हायब्रिडवाले पेट्रोलकडे वळले. त्याआधी विजेच्या गाड्यांचे चालक त्यांच्यावर खांब अडवल्याबद्दल रागावलेलेच होते. ग्राहकाने ग्राहकावर रागवावे आणि खांब पुरेसे का नाहीत हे कोणी विचारू नये, ही बाजारव्यवस्थेची जुनीच किमया आहे.

सरकारी अनुदानाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. जानेवारी २०११ पासून अशा गाड्यांच्या खरेदीला जनतेच्या पैशातून साहाय्य मिळू लागले. कंपन्यांनी अधिकाऱ्यांसाठी हायब्रिड गाड्या घेतल्या, करसवलतीही घेतल्या. २०१८ साली कंपन्यांच्या वाहनताफ्यांच्या पाहणीतून असे बाहेर आले की काही गाड्या परत आल्या तेव्हा त्यांच्या चार्जिंगच्या केबली वेष्टणातून काढलेल्याही नव्हत्या. कारण उघड होते. पेट्रोलचे बिल कंपनी भरत होती आणि विजेचे बिल नोकराला स्वतःच्या खिशातून भरावे लागत होते. त्याच वर्षी हायब्रिडचे अनुदान बंद झाले. गाडीला पैसा दिला, पण स्वस्त विजेची हमी दिली नाही. मग अनुदान धुरात जाणार नाही तर कोठे जाईल?

ब्रिटनला हे सुचण्यासारखे नव्हते असे मुळीच नाही. १९४३ साली टॉम जॉन्स्टन यांच्या पुढाकाराने स्कॉटलंडच्या उत्तर भागासाठी जलविद्युत मंडळ स्थापन झाले आणि डोंगराळ, विरळ वस्तीपर्यंत वीज नेण्याची सामाजिक जबाबदारी कायद्यानेच त्याच्यावर टाकली गेली. १९४७ च्या कायद्याने मजूर पक्षाच्या सरकारने वीजउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. १९८९ च्या कायद्याने थॅचर सरकारने तो विकण्याचा मार्ग मोकळा केला. चार्जिंगचे युग आले तेव्हा वीज पुरवणारी सार्वजनिक संस्थाच उरली नव्हती. म्हणून प्रत्येक कंपनीचे वेगळे कार्ड, वेगळे ॲप, वेगळा दर असा बाजार भरला. नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी दर युनिटवारी दाखवणे बंधनकारक केले, नव्या खांबांपैकी ८ किलोवॉट व त्यावरील क्षमतेच्या खांबांवर साध्या बँककार्डाने पैसे घेण्याची सक्ती केली आणि जलद जाळ्यांसाठी ९९ टक्के वेळ चालू राहण्याची अट पुढल्या वर्षापासून घातली. या सुधारणा चांगल्याच आहेत. पण दर किती असावा, याला त्या नियमांनी हात लावला नाही. लुटीची पावती स्वच्छ अक्षरांत मिळू लागली, एवढेच.

यावर स्पर्धेचे समर्थक म्हणतील की कंपन्या वाढल्या की दर आपोआप उतरतील. पेट्रोलपंप दिसताच दर वाचून चालक पुढच्या पंपावर जाऊ शकतो. पण ज्याच्या गल्लीत एकच खांब आहे, त्याने रात्री गाडी कोठे लावावी? तेथे स्पर्धा नसते, मक्तेदारी असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्कॉटलंडच्या सरकारने पालिकांच्या मदतीने उभारलेल्या सार्वजनिक जाळ्यात एका कार्डावर सर्वत्र वीज मिळे आणि अनेक ठिकाणी ती दीर्घकाळ मोफत होती. त्यामुळे गाड्या खांबाशी अडून राहत आणि दुरुस्तीला पैसा अपुरा पडे. अलीकडच्या वर्षांत ते जाळे टप्प्याटप्प्याने खासगी भांडवलाकडे वळवले गेले. यातला धडा समाजवाद्यांनी न लाजता घ्यावा. फुकट वीज म्हणजे समाजवाद नव्हे. रास्त दर, युनिटवारी आकार, नियमित दुरुस्ती आणि लोकांना जाब देणारी मालकी, हा समाजवाद होय.

महाराष्ट्राशी याचा संबंध दूरचा नाही. येथे प्लग-इन हायब्रिड गाड्या विरळा, पण विजेवरच्या रिक्षा आणि दुचाक्या चाळीचाळींत उभ्या आहेत, आणि त्यांच्या मालकांनाही अंगण नाही. एप्रिल २०१८ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने खुलासा केला की चार्जिंग ही विजेची विक्री नसून सेवा आहे, त्यासाठी परवाना नको. शब्द बदलला आणि परिणामही बदलले. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, पण 'सेवा' ठरलेल्या चार्जिंगवर १८ टक्के जीएसटी लागू झाला. ब्रिटनमधील अंगणवाला आणि खोलीवाला यांच्यातील दरी येथेही अशी कागदावर आखली गेली.

स्वातंत्र्यापूर्वी व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न देशापुढे ठेवला होता. १९४८ च्या कायद्याने राज्य वीज मंडळांचा मार्ग खुला झाला. २००५ मध्ये महाराष्ट्राच्या मंडळाचे विभाजन झाले, तरी वितरणाची सरकारी कंपनी अजून हाताशी आहे. ब्रिटनजवळ जे उरले नव्हते ते येथे आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या गावात मागणी करावी ती हीच: एस.टी. आगार, पालिकेची मंडई आणि सरकारी रुग्णालय येथे सार्वजनिक मालकीचे खांब उभे राहोत. दर घरगुती दराशी जोडलेला असो. आणि कोणत्याही कंपनीचे सभासद न होता सामान्य माणसाला तेथे वीज मिळो. ज्या दिवशी कोणत्या कंपनीचे सभासद व्हावे हा प्रश्नच पडणार नाही, त्या दिवशी निवड खरी झाली असे म्हणता येईल.