वाडीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

(विरार येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत केलेले भाषण)



घरची शेती, परसातील वाडी आणि प्राथमिक शाळा या विषयावर चार शब्द बोलावे, अशी आज्ञा मला झाली आहे. मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे. आगाशीच्या बाजूस एका लहानशा वाडीत माझे बालपण गेले आणि पुढील आयुष्य मुलांना शिकविण्यात गेले, एवढीच या विषयावर बोलण्याची माझी पात्रता. यास्तव उपदेश करण्याऐवजी माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम आपणांपुढे ठेवतो. मला जे सांगावयाचे आहे ते तिच्यातच आले आहे.

नोकरीच्या आरंभीच्या काळातील ही गोष्ट. जुलै महिना होता. चौथीतील एक मुलगा सलग आठ दिवस शाळेत आला नाही. नवव्या दिवशी आला तो लंगडत. पायांच्या बोटांना चिखल्या पडलेल्या. "कोठे होतास?" असे विचारताच तो म्हणाला, "लावणी होती, गुरुजी." मी त्यास मागे उभे केले आणि हजेरीपत्रकावरील त्याच्या नावापुढील लाल खुणा मोठ्याने मोजून दाखविल्या. योगायोग असा की, त्याच दिवशी भाताच्या लागवडीचा पाठ होता. रोपे एका जागी वाढवून ती उपटून दुसरीकडे का लावतात, असा प्रश्न मी वर्गास केला. पुढच्या रांगेतून उत्तर आले नाही. ते मागून आले. "राबात रोप दाट असतं, गुरुजी. तिथंच ठेवलं तर नुसतं उंच जातं, फुटवे येत नाहीत. आणि चिखलात लावलं की गवताला डोकं काढता येत नाही."

हे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते; पण ते अचूक होते. वाडीत वाढलेल्या मलाही ते ठाऊक होते. तथापि शिक्षक होताच मी ते ज्ञान चपलांबरोबर शाळेच्या दाराबाहेर काढून ठेवले होते. मी त्या मुलास बसावयास सांगितले, परंतु लाल खुणा मात्र तशाच राहिल्या. ज्या आठ दिवसांत तो भाताचा धडा शिकला, ते आठ दिवस आमच्या दप्तरी 'गैरहजर' म्हणून नोंदले गेले.

बंधुभगिनींनो, मुलांना शाळा बुडवून कामास जुंपावे, असे माझे म्हणणे नाही. मुलाची जागा शाळेतच आहे. माझे म्हणणे इतकेच की, मुलगा शाळेत येताना जे ज्ञान बरोबर घेऊन येतो, त्यास बसावयास जागा द्यावी. आपल्या भागात ही जागा देणे विशेष सोपे आहे; कारण येथे वाडीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष एकाच पावसाने सुरू होते. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते, मोसमी पाऊस साधारणतः त्याच सुमारास आपल्याकडे पोचतो आणि पुढील आठवड्यात शाळेची घंटा वाजते.

आपल्या भूमीची ठेवण पाहा. पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, पश्चिमेस अर्नाळ्याचा समुद्र, उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस वसईची खाडी. या चौकटीत सखल भागी भातशेती आणि किनाऱ्याकडील रेताड पण कसदार जमिनीत वाड्या, अशी जुनी वाटणी आहे. आगाशी, बोळींज, नंदाखाल, वटार, निर्मळ, वाघोली या गावांतील वाडी म्हणजे केवळ शेत नव्हे. तेथे घर, विहीर, नारळी-पोफळी, केळी, पानवेल, फुलझाडे आणि भाजीचे वाफे एकाच कुंपणात नांदतात. वाडवळ, सामवेदी, माळी, आगरी, ख्रिस्ती, आदिवासी अशा अनेक समाजांच्या कष्टांवर हे जीवन उभे राहिले.

या वाडीचे वर्ष खरोखर वैशाखातच जागे होते. रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा व शेण पसरून राब भाजतात, विहिरीतील गाळ काढतात, बांध नीट करतात. मृगाच्या सरी आल्या की राबात भात पेरावयाचे, केळीची मुनवे लावावयाची. पुढे चिखलणी आणि लावणी. श्रावणात मांडवावर काकडी, शिराळी, पडवळ लोंबू लागतात. भाद्रपदात गौरी-गणपतींसाठी केळीची पाने व फुले विरारच्या गाडीने मुंबईस जातात. या गाडीचे नाते जुने आहे. विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली लोकल १२ एप्रिल १८६७ रोजी धावली. तेव्हापासून वाडी आणि शहर यांना जोडणारी वाट म्हणजे हा लोहमार्गच. पहाटेच्या गाडीने दादरला चाफा-मोगरा घेऊन जाणारी माता आपल्या वर्गातील कित्येक मुलांच्या घरी असेल.

आश्विनात भात पिवळे पडते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ख्रिस्ती बांधव 'आगेरा' साजरा करून नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये अर्पण करतात. हिंदू घरांत दाराला नव्या लोंब्या बांधतात. पूर्वेकडील पाड्यांवर वारल्यांचा तारपा घुमू लागतो. धर्म वेगळे, रीती वेगळ्या, पण कारण एकच: धान्य हाती आले. एकाच बाकावर बसणाऱ्या मुलांना परस्परांची ओळख करून देण्यास याहून चांगला पाठ मला तरी ठाऊक नाही.

मग थंडी येते. भाताच्या कापणीनंतर त्याच ओलाव्यावर वाल वाढतो आणि घरोघरी मडक्यात कंद-वालांची उकडहंडी शिजते. पाऊस सरल्यावर उन्हे कडक झाली की, आगाशीची ओळख असलेली सुकेळी तयार होतात. राजेळी जातीची केळी पिकवून, सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवून केळीच्याच सुक्या पानांत बांधतात. ताजे केळे तोलून पाहावे, सुकल्यावर पुन्हा तोलावे. शेकडेवारीचा पाठ तेथेच होतो. पाणी गेल्यावर फळ का नासत नाही, हा विज्ञानाचा पाठही त्यात आहे.

फाल्गुनापासून पुढे मात्र वाडीचे सारे लक्ष एका गोष्टीकडे लागते, ती म्हणजे विहीर. येथून पुढे मला जे सांगावयाचे आहे ते अधिक निकडीचे आहे.

माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. बैल किंवा रेडा गोल फिरे, मडक्यांची माळ खाली-वर होई आणि त्या करकरीच्या नादात आम्हांस झोप लागे. रहाटाची गती जनावराच्या पावलाची. जनावर थकले की रहाट थांबे आणि तेवढ्या अवधीत विहीर पुन्हा भरे. पुढे तेलाचे इंजिन आले, नंतर विजेचा पंप आला. कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण पंप थकत नाही. विहिरीला विसावा देणे ही जी गोष्ट पूर्वी आपोआप घडे, ती आता माणसाने विचारपूर्वक करावी लागते.

किनाऱ्याजवळ याचे महत्त्व काय, ते पाहा. समुद्राचे एक लिटर पाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरते. गोडे पाणी १००० ग्रॅम. म्हणून जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. हॉलंड व जर्मनी येथील अभियंत्यांनी सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी याचे गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. याचाच अर्थ, उपशाने ती पातळी कायमची एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी कालांतराने चाळीस फूट वर चढते. वरचे नुकसान डोळ्यांना दिसते एका फुटाचे. प्रत्यक्षात ते चाळीसपट असते. पाणी आधी मचूळ होते, मग खारट. आणि खाऱ्या पाण्यावर पानवेल किंवा केळ उभी राहत नाही.

आपल्या पूर्वजांपाशी हे गणित नव्हते, परंतु बावखले होती. पश्चिमेकडील वाड्यांतून पावसाचे पाणी साठविणारी ही लहान तळी, म्हणजे विहिरींच्या ठेवीची पेढीच. पाणी त्यांत थांबे, मुरे आणि विहिरींना जाऊन मिळे. आज त्यांतील कित्येक बुजली आहेत. वस्ती वाढली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. वाढत्या वस्तीला घरे हवीत, पाणीही हवे, हे कोणीही नाकारणार नाही. पण वाड्यांतील पाणी बेसुमार उपसले जाऊ लागले, तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील लोकांना हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने एकत्र यावे लागले. तिचे नेतृत्व करणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे पुढे २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. लेखणी आणि विहीर यांचे नाते या भूमीत असे जवळचे आहे.

आता आपण म्हणाल, शिक्षकाने यात काय करावे? शिक्षकाच्या हाती कायदा नाही, निधी नाही. पण त्याच्या हाती मुलांची नजर आहे. याच जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, असे दिसताच शाळाच कुरणावर गेली. मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नाबरोबरच शाळा मुलापर्यंत का पोचत नाही, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. तो प्रश्न आपणही विचारावा.

मी तीन साधी कामे सुचवितो. पहिले, शाळेजवळच्या एका विहिरीची वही ठेवावी. प्रत्येक महिन्याच्या ठरलेल्या तारखेस दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. विहिरीस कठडा असावा आणि दोरी शिक्षकांनीच सोडावी; मुलांनी दुरून आकडा लिहावा. त्याच पाण्याची एक वाटी ताटलीत घेऊन उन्हात आटवावी आणि मागे किती पांढरा थर उरतो ते पाहावे. एका वर्षाने आलेख होईल. दहा वर्षांनी तो गावाचा दस्तऐवज होईल.

दुसरे, पाऊस मोजावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. चार महिन्यांत २००० मिलिमीटर पाऊस झाला, तर एका गुंठ्यावर दोन लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. त्यातील किती मुरले आणि किती गटारातून समुद्रास गेले, हा प्रश्न मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांस विचारावा. शाळेच्या परसबागेत एखादा शोषखड्डा केल्यास उत्तराचा आरंभही होईल.

तिसरे, महिन्यातून एकदा गावातील एका आजीला किंवा आजोबांना परिसर अभ्यासाच्या तासाला बोलवावे. राब कसा भाजतात, सुकेळी कशी वाळवितात, बावखल कोठे होते, हे त्यांनी सांगावे. आज आपल्या वर्गांत घाटावरून, तळकोकणातून, उत्तर भारतातून आलेल्या कुटुंबांची मुलेही आहेत. त्यांच्या आजोबांनाही शेते होती. त्यांनाही बोलू द्यावे. विरारची विहीर आता त्यांचीही विहीर आहे.

लावणीच्या दिवसांत मूल आले नाही, तर हजेरीपत्रकात सत्य तेच लिहावे. परंतु ते परत येईल तेव्हा त्यास मागे उभे करू नये. फळ्याजवळ बोलवावे आणि "काय शिकून आलास, बाळ, ते आम्हांस सांग," असे म्हणावे.

ज्या मुलाची गोष्ट मी आरंभी सांगितली, तो आता आजोबा झाला आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या वाडीत गेलो होतो. त्याने प्रेमाने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि लगेच मागे घेतला. म्हणाला, "थांबा गुरुजी, हे विहिरीचं आहे. आतलं आणतो." पूर्वी त्याच विहिरीचे पाणी आम्ही ओंजळीने प्यायलो होतो. अंगणात त्याची नात गृहपाठ करीत बसली होती. ती अशाच एखाद्या शाळेत जाते. तिच्या घरची विहीर किती खोल आहे आणि ती केव्हापासून मचूळ झाली, हे तिच्या वहीत कोठेही नव्हते.

ते तिच्या वहीत यावे, एवढीच माझी आपणां सर्वांस विनंती आहे.