निफाडची थंडी आणि नांदूरचे पाहुणे

हिवाळ्यात नातलगांकडे जायचे ते हुरडा खायला, असे आपल्याकडे ठरूनच गेलेले आहे. माझे थोडे निराळे आहे. माझी थोरली बहीण निफाड तालुक्यात दिलेली, आणि तिच्या गावाहून नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा सायकलने जाण्याजोगा. त्यामुळे नाताळच्या सुटीत ताईची भेट आणि पक्ष्यांची भेट एकाच तिकिटात होते. "तू माझ्यासाठी येतोस की बदकांसाठी?" असे ताई दरवर्षी विचारते. मी चहा मागतो.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी हा बंधारा बांधून शंभर वर्षे होऊन गेली. बांधला तो कालव्यांसाठी. खाली कोपरगाव-राहात्याकडची शेती त्यावर भिजते. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोण करणार? पण नद्यांचा गाळ मागे साचत गेला, पाणी उथळ झाले, मध्ये बेटे उठली, पाणवनस्पती माजल्या. तलवार बदक डोके पाण्यात आणि शेपटी आभाळाकडे करून तळाचे खाते. खोल पाण्यात त्याचे काय चालणार? १९८६ साली येथे अभयारण्य झाले आणि २०२० साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झाले.

ऑक्टोबरपासून पाहुणे उतरू लागतात. नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने दिसतात. आणि तो पट्टकदंब! पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे पट्टे. एकदा पाहिला की विसरत नाही. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून हा हंस येतो. अंगावर यंत्र बांधून मोजले, तेव्हा सात हजार मीटरहून अधिक उंचीची नोंद मिळाली. आमच्या दाजींना हे सांगितले, तर म्हणाले, "आणि आम्हाला इथं सकाळी गोधडीतून निघवत नाही!"

गुरुजनांना एक सांगावेसे वाटते. दुर्बीण नाही म्हणून मुलांना नेण्याचे टाळू नका. सूर्य पाठीशी घ्यावा, भडक कपडे टाळावेत, आणि आधी चोच पाहायला लावावी. चमच्याची चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरताना दिसली, म्हणजे तो काय आणि कसे खातो हे मूल स्वतःच सांगते. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आहेच.

आता दाजींची बाजू. त्यांचा द्राक्षबाग आहे. एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो, मण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबकचे पाणी सोडायचे. माझी सुटी त्यांच्या जागरणाच्या दिवसांतच येते. आणि ज्या गाळाचे मी कौतुक करतो, त्याच गाळाने पुराचे पाणी तुंबते असे काठच्या लोकांचे म्हणणे. २०१६ आणि २०१९ साली सायखेडा-चांदोरीत पाणी शिरले, ते लोक विसरलेले नाहीत. गाळ काढा, ही त्यांची मागणी हौशी पक्षिनिरीक्षकाने हसण्यावारी नेऊ नये.

मला वाटते, मुख्य धारेतला गाळ काढावा आणि काठचा उथळ भाग तसाच ठेवावा. दाजींना हे बरेचसे पटले. फक्त त्यांनी विचारले, "धार कुठली आणि काठ कुठला, हे मे महिन्यात ठरवायचं की ऑगस्टात?" तेवढ्यात ताईने भाकरी वाढली, आणि तो मुद्दा पुढच्या नाताळावर गेला.