तळ्याकांठची वास्तु

तळ्याच्या कांठीं एखादें क्लबगृह बांधावयाचें ठरलें, म्हणजे सभासदांचा पहिला आग्रह असा असतो कीं, तें दुरून दिसलें पाहिजे. उंच जोतें, प्रशस्त सज्जा, आणि सज्ज्यांत बसल्याबसल्या सारें पाणी नजरेच्या टप्प्यांत. ही मागणी स्वाभाविक आहे. परंतु सज्ज्यांत बसणारास जें दृश्य लाभतें, तेंच दृश्य ती इमारत पाठीमागच्या रस्त्यानें जाणाऱ्यायेणाऱ्यांपासून हिरावून घेत असते. तळें सर्वांचें आणि क्लब थोड्यांचा. या दोहोंचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न शोभेइतकाच न्यायाचाहि आहे.

या प्रश्नाचें एक विचारपूर्वक दिलेलें उत्तर चंदीगड शहरांत पाहावयास मिळतें. १९४७ च्या फाळणींत लाहोर पाकिस्तानांत गेलें आणि पूर्व पंजाबास नवी राजधानी उभारणें प्राप्त झालें. १९५१ सालीं हें काम ल कॉर्ब्यूझिए या विख्यात स्थापत्यविशारदाकडे आलें. शिवालिक टेकड्यांतून उतरणाऱ्या ‘सुखना चो’ नांवाच्या हंगामी ओढ्यास बांध घालून, त्यानें व मुख्य इंजिनियर पी. एल. वर्मा यांनीं १९५८ सालीं सुमारें ३ चौरस किलोमीटर विस्ताराचें सुखना तळें निर्माण केलें. बांधावरचा रस्ता पायीं फिरणारांसाठीं राखावा, त्यावर वाहनें येऊं नयेत, आणि पाण्यांत यांत्रिक नावा फिरूं नयेत, असा ल कॉर्ब्यूझिएचा आग्रह होता. शहराच्या गजबजाटांतून क्षणभर सुटका मिळावी, हाच त्या तळ्याचा हेतु होता.

अशा ठिकाणीं नौकाविहार-क्लबाची इमारत उभारावयाची, म्हणजे मोठी कसोटी. हें काम १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत झालें. ल कॉर्ब्यूझिएनें युक्ति योजली ती अशी कीं, इमारत रस्त्याच्या पातळीखालीं उतरवावी. छप्पर बुटकें ठेवलें, म्हणजे रस्त्यावरून चालणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पाण्यावर आणि पलीकडच्या टेकड्यांवर जाऊन पोंचते. याच शिल्पकारानें त्याच शहरांत २५४ मीटर लांबीचें सचिवालय उभें केलें आहे. भव्यतेची त्याला भीति नव्हती. राज्यकारभाराची वास्तु टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर ठसठशीत उभी राहावी, आणि विरंगुळ्याच्या वास्तूनें मात्र मान खालीं घालावी, हा विवेक त्यानें राखला.

इमारत खालीं उतरविण्याची किंमतहि द्यावी लागते. पाण्याशेजारीं खोल बांधलेल्या भिंतींस ओल येते, पावसाचें पाणी वरून खालीं धांवतें, आणि त्याच्या निचऱ्याची सोय पायाबरोबरच करावी लागते. म्हणून जाणता शिल्पकार नकाशा काढण्यापूर्वीं एक संपूर्ण वर्ष जागेवर नजर ठेवतो. वैशाखांत पाणी किती मागें सरतें, श्रावणांत तें कोठवर चढतें, वारा कोणत्या दिशेचा, हिंवाळ्यांत पक्षी कोणत्या कांठावर उतरतात, या गोष्टी एका भेटींत कळत नाहींत. सांडपाण्याचा एक थेंबहि तळ्यांत जातां कामा नये आणि रात्रीचे दिवे पाण्यावर रोखलेले असूं नयेत, हे नियमहि त्या पाहणींतूनच सुचतात.

निसर्गाशीं जुळतें घेण्याची दुसरी रीत सिंहलद्वीपांत, म्हणजे आजच्या श्रीलंकेंत, दिसते. जेफ्री बावा या शिल्पकारास तेथें एक उपाहार-निवासगृह बांधावयाचें होतें. सिगिरिया या इतिहासप्रसिद्ध खडकाजवळची जागा सुचविण्यांत आली होती. ती न घेतां त्यानें कांहीं मैलांवरच्या कंदलमा तलावाकांठचा डोंगरउतार निवडला, आणि १९९४ सालीं इमारत पुरी झाली. ती खांबांवर तोललेली आहे, त्यामुळें डोंगरावरून येणारें पावसाचें पाणी तिच्याखालून वाहून जाऊं शकतें. सपाट छपरांवर झाडोरा लावला आहे आणि वेलींनीं दर्शनी भाग झांकून टाकला आहे. एवढी काळजी घेऊनहि तलावाचें पाणी दूषित होईल या भीतीनें स्थानिक लोकांनीं व भिक्षूंनीं या बांधकामास प्रखर विरोध केला होता. तो विरोध विसरतां कामा नये. वास्तु कितीहि नम्र असो, तिच्या येण्यानें शेजाऱ्यांच्या मनांत शंका उठते, आणि त्या शंकेस उत्तर देणें हें शिल्पकाराच्या कामाचेंच अंग आहे.

सुखना तळ्याची पुढची हकीकत याहून बोलकी आहे. ओढ्याबरोबर येणाऱ्या गाळानें तें झपाट्यानें भरूं लागलें. तेव्हां पाणलोट क्षेत्रांतील पंचवीस चौरस किलोमीटरांहून अधिक जमीन ताब्यांत घेऊन तेथें झाडें लावण्यांत आलीं, आणि १९७४ सालीं ओढ्याचा मुख्य प्रवाह तळ्याबाहेरून वळविण्यांत आला. वरच्या उघड्या टेकड्यांची माती धरून ठेवल्यावांचून खालच्या सज्ज्यांतलें दृश्य टिकत नाहीं, हा याचा अर्थ. क्लबगृहाचा खरा परिसर त्याच्या कुंपणापाशीं संपत नाहीं. जेथून पाणी येतें तेथवर तो पसरलेला असतो. ज्या मंडळास तळ्याकांठीं बांधावयाचें आहे, त्यानें आपल्या अंदाजपत्रकांत दगडविटांबरोबर वरच्या उतारावरील झाडांचाहि खर्च धरावा, हें उचित होय.

शेवटीं वास्तूची परीक्षा कोठें उभें राहून घ्यावी? दिवाणखान्यांत नव्हे, तर बाहेरच्या रस्त्यावर. ज्याला त्या क्लबाचें दार कधींहि उघडणार नाहीं, असा एखादा वाटसरू संध्याकाळीं घरीं परततांना तेथें क्षणभर थांबतो. इमारत उभी राहण्यापूर्वीं त्याला जें पाणी, जें आकाश आणि ज्या टेकड्या दिसत होत्या, त्या अजूनहि दिसत असतील, तर शिल्पकाराचें काम साधलें असें खुशाल समजावें.