साताऱ्यात आपले स्वागत असो

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या शिक्षक बंधुभगिनींनो,

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या या शाहूनगरीत समस्त सातारकरांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. दिवाळीच्या सुट्टीतले दोन दिवस घरच्यांकडून मागून घेऊन आपण आलात, याची आम्हाला जाणीव आहे.

पाहुणा आला की आम्ही त्याला किल्ला दाखवतो आणि हातावर कंदी पेढा ठेवतो. शिक्षकांनी मात्र आधी जुन्या राजवाड्याकडे जावे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींनी आपल्या भिवाचे, म्हणजे पुढच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे, नाव तिथल्या ज्या सरकारी शाळेत घातले, तीच पुढे प्रतापसिंह हायस्कूल झाली. ज्यांचे नाव शाळेला मिळाले त्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांना कंपनी सरकारने १८३९ मध्ये गादीवरून उतरवून काशीला धाडले, आणि त्यांच्यासाठी न्याय मागत रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षे झगडले. ही कथा सांगू लागलो तर उद्घाटन दुपारपर्यंत लांबेल. पण एका बाईंचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. इथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. त्या पंगतीला वाढणाऱ्या लक्ष्मीबाई या कर्मवीरांच्या पत्नी. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या जैन संस्कारांत त्या वाढलेल्या होत्या. ते सारे बाजूला ठेवून त्यांनी परक्यांच्या लेकरांना पोटाशी धरले. कोठीतले धान्य संपले तेव्हा एकेक दागिना गेला आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. रयतेचा वटवृक्ष पुढे एवढा फोफावला, तो पाहायला त्या राहिल्या नाहीत. कर्मवीरांचे नाव सारा महाराष्ट्र घेतो आणि लक्ष्मीबाईंचे नाव बहुधा भाषण संपता संपता येते. म्हणून आज मी ते आधी घेतले.

त्या वसतिगृहातली मुले पहाटे उठून शेतात राबत, आपली भाकरी आपण मिळवत आणि मग पुस्तक उघडत. या मातीत परीक्षेतल्या गैरप्रकारांवर परिषद भरावी, हे मला फार योग्य वाटते.

विषयावर अधिकाराने बोलणारी मंडळी समोर बसली आहेत. मी व्यापारी माणूस, मला जे दिसते तेवढेच सांगतो. २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना वाट मोकळी झाली. पालकांना निवड मिळाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याबरोबर निकालाचे फलक चौकाचौकांत लागले आणि जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या मागे पट टिकवण्याची धास्ती लागली. दोन्हीकडे कागदावरचे गुण शाळेच्या अब्रूचे झाले. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करणे थांबवले होते, आता पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. पहिली-दुसरीतल्या लेकराला कॉपी ठाऊक नसते. फळ्यावर उत्तरे लिहून देतो तो हात मोठ्या माणसाचा असतो. चौथीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी येत नाही, हे उत्तरपत्रिकेत दिसलेच नाही, तर तिला ती शिकवायला कोण बसणार? माझे सारे काळीज या एका प्रश्नात आहे. या दोन दिवसांत त्यावर निर्भीडपणे बोला, कोणत्याही शाळेची भीड धरू नका.

आता व्यवस्थेविषयी. निवासासाठी खोल्या कमी पडल्या, त्यामुळे काहींची सोय शाळेच्या वर्गांत सतरंज्यांवर करावी लागली. भगिनींना मात्र खोल्याच दिल्या आहेत. पहाटे गारठा असतो, जादा पांघरुणे कार्यालयात ठेवली आहेत, संकोच न करता मागून घ्या. गरम पाणी सहा ते आठ या वेळेत मिळेल. मंडपाच्या मागच्या रांगांत आवाज नीट पोचत नाही असे काल रात्री लक्षात आले, आणखी दोन कर्णे लावण्याचे काम सुरू आहे. यात जे उणे राहील त्याबद्दल स्वागत समितीच्या वतीने मी हात जोडून क्षमा मागतो.

हा खर्च एकट्यादुकट्याचा नव्हता. तांदूळ आणि डाळ बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांनी दिली, दूध खेड्यांतल्या संस्थांनी पाठवले. मंडपवाल्यांनी भाडे घेतले नाही. पेढे पिढीजात हलवायांकडून आले आहेत. एका सेवानिवृत्त बाईंनी आपल्या पेन्शनमधून मोठी रक्कम दिली आणि नाव सांगू नका म्हणून शपथ घातली, ती मी पाळतो. बाकीच्या देणगीदारांची नावे प्रवेशद्वाराच्या फलकावर आहेत, ती कृपया वाचा. बचत गटांच्या ताई पहाटे तीनपासून भाकरी थापत आहेत. वाढायला उभी असलेली मुले वसतिगृहातली आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोला.

भोजन दीड वाजता आहे. नाव नोंदवायचे राहिले असेल त्यांनी मध्यंतरात नोंदवावे. आता अध्यक्षांनी दीपप्रज्वलन करावे, अशी त्यांना विनंती करतो.