कासोटा आणि खोगीर
रायगडच्या किनाऱ्यावर मासळीची पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण कासोट्याचं लुगडं नेसते. स्त्रीच्या घोडेस्वारीचा निम्मा इतिहास या कासोट्यात आहे, असं मला ठामपणे वाटतं. घेरदार झग्यामुळे इंग्रज स्त्रिया दोन्ही पाय एकाच बाजूला घेऊन घोड्यावर बसत आणि त्यालाच शालीनता म्हणत. 1835 मध्ये फॅनी पार्क्स ही पट्टीची इंग्रज घोडेस्वार फतेहगडला, ग्वाल्हेरच्या राजघराण्यातल्या बायजाबाई शिंद्यांच्या छावणीत गेली. तिथल्या मराठा स्त्रियांना तिचं खोगीर विचित्रच वाटलं. मग फॅनी कासोट्याचा मराठी पोशाख करून, दोन्हीकडे पाय टाकून घोड्यावर बसली. तिला ही बैठक इतकी पटली, की 1850 च्या आपल्या प्रवासग्रंथात तिने इंग्रजी रीतीलाच नावं ठेवली.

कुणी म्हणेल, ही राजघराण्यातली गोष्ट. सामान्य बाईला घोडा कुठला? घोडा नव्हता, हे खरंच. पण शेतात, बंदरावर पाय मोकळे ठेवणारं नेसणं तेच होतं. अमेरिकेत मात्र 1913 साली वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मिरवणुकीत कार्यकर्ती इनेझ मिलहॉलंड पांढऱ्या घोड्यावर अशीच दोन्हीकडे पाय टाकून बसली, तेव्हाही त्या बैठकीवरचा तिथला वाद पुरता शमलेला नव्हता.